उपाशी हळद

उत्तनच्या रस्त्याला बस लागली की एका वळणावर वास आत शिरतो. दिवाळी सरलेली असते, उन्हाची धार गेलेली असते, उत्तरेचा वारा सुटलेला असतो आणि किनाऱ्यालगतच्या वलांड्यांवर, म्हणजे बांबूंच्या त्या उंच मांडणीवर, जबड्यात जबडा अडकवून बोंबील वाळत लटकलेले असतात. नव्या टॉवरांतून समुद्र बघायला निघालेली माणसं नाकाला रुमाल लावतात. लावा. मला त्या वासाचं काही वाटत नाही. मला भीती वाटते ती दुसऱ्याच वासाची. व्हॅनिलाचा, गोडसर, पाण्यात घुसळलेल्या पावडरचा वास. तोही याच दिवसांत येतो.

बोंबलांचा हंगाम आणि लग्नांचा हंगाम आमच्याकडे बरोबरच उभे राहतात. तुळशीचं लग्न लागलं की भाईंदर स्टेशनबाहेरच्या रिक्षांच्या पाठीवर नवे फलक चढतात. लग्नाआधी बारीक व्हा. नवरीसाठी खास. डावीकडे जाड बाई, उजवीकडे बारीक बाई. दोघी वेगवेगळ्या बाया आहेत हे सिग्नलला मागे उभं राहिलेल्या कुणालाही दिसावं, पण दिसत नाही. आमच्या महिला मंडळातल्या बाया मला सांगतात, फलक फाडू नकोस, त्याच्यावर आपलं पत्रक चिकटव. मी दोन्ही करते.

आम्ही खारी गावाच्या कडेला, एका बिल्डिंगीत राहतो. बाबांना नोकरी लागली आणि आमचं घर समुद्रापासून तुटलं. पण आत्या किनाऱ्यावरच्या चौक गावातच राहिली. आत्याची हर्षा माझ्याहून थोडी मोठी. रुंद खांद्यांची, मोठ्यानं हसणारी. भरलेला टब ती एका झटक्यात कमरेवर घ्यायची, वर तो माझ्या हातात देण्याचं नाटक करून मला पळवायची. तिच्या दंडावर गोलाई होती आणि त्या गोलाईत जोर होता. तिचं लग्न राई गावात ठरलं. खाडीकाठचं जुनं घर, थोडी वाडी, थोडी मासळी, चांगली माणसं. साखरपुड्यात मुलाकडची एक बाई म्हणाली, पोरगी अंगानं भरलेली हाय. एवढंच. कदाचित कौतुकानं म्हणाली असेल. पण आत्याच्या मनात ते वाक्य काट्यासारखं रुतलं आणि दुसऱ्या दिवशी ती हर्षाला घेऊन भाईंदर पश्चिमेला, एका दुकानावरच्या जिन्यानं चढून, वजन उतरवून देणाऱ्या ‘सरां’कडे गेली.

सरांना नाव असेलच, पण सगळ्या बाया त्यांना सरच म्हणत. डॉक्टर नव्हते, आहारतज्ज्ञ नव्हते. पोटऱ्या दिसाव्यात अशी घट्ट पँट, हातात पावडर घुसळलेल्या शेकचा पेला. त्या दिवशी मीही बरोबर गेले होते, म्हणून सांगते. सर आत्याला हिंदीत म्हणाले, आंटी, चावल बंद, मछली बंद, तेल तो नाम मत लो. सकाळी शेक, रात्री शेक, मध्ये उकडलेला दुधी. मग त्यांनी विचारलं, लड़की एक्सरसाइज़ करती है क्या?

“नाय नाय,” आत्या म्हणाली. “घरपेच रहती है.”

या एका उत्तरावर मी आजपर्यंत किती पत्रकं लिहिली असतील. हर्षा घरीच असायची म्हणजे काय करायची? पहाटे होडी लागली की धक्क्यावर. मग टब वाहणं. मग मासळी निवडणं. मग वलांडीखाली उभं राहून हात डोक्याच्या वर नेत बोंबील अडकवणं, ऊन कानात शिरेपर्यंत. मग विहिरीचं पाणी, मग घर. हे सगळं ‘घरीच असणं’. व्यायाम म्हणजे जे पैसे भरून, काचेच्या खोलीत, सरकत्या पट्ट्यावर धावून करतात ते. आत्या खोटं बोलली नाही. तिला खरंच वाटत होतं की काम हे काम असतं, व्यायाम निराळा. आमच्याकडच्या कुठल्याही आईनं हेच उत्तर दिलं असतं. आणि सरांनी तिच्या दंडांकडे एकदा बघितलं असतं तरी पुढचा प्रश्न विचारला असता. त्यांनी नुसतं पोट बघितलं.

तर हर्षा सकाळभर वलांडीवर राबायची आणि दुपारी बस पकडून सरांच्या पट्ट्यावर धावायची. पोटात पावडरचं पाणी.

शरीर हिशेबाला पक्कं असतं. अन्नातून येणारी ताकद आपण कॅलरीत मोजतो. लागते त्याहून थोडी कमी दिली तर शरीर साठवलेल्या चरबीला हात घालतं, सावकाश, फार कुरकूर न करता. फारच कमी दिली तर ते घाबरतं. मग पाणी सोडतं, स्नायू खातं, पाळी थांबवतं, केस गाळतं, आणि काट्यावरचा आकडा भराभर खाली येतो म्हणून आपण टाळ्या वाजवतो. वजन उतरवायचं तर खाणं थोडं कमी आणि हालचाल थोडी जास्त, आणि ज्याची हालचाल आधीच भरपूर आहे त्याला खायला नीट हवं, डाळ, अंडं, मासळी, भात सगळं. ‘थोडं’ या शब्दावर कुणाचंच दुकान चालत नाही. म्हणून तो शब्द तुम्हाला रिक्षाच्या पाठीवर दिसणार नाही.

आत्याला कॅलरी हा प्रकार तांदळातल्या किड्यासारखा वाटायचा. वाण्याला तिनं विचारलं होतं, कॅलरी नसलेला तांदूळ ठेवतो काय रं. वाणी हसला नाही, त्यानं तपकिरी तांदळाचं पाकीट पुढे केलं. आम्ही यावर पुष्कळ हसलो. हर्षाही हसली, पण हसताना ती भिंतीला टेकून होती हे मला आठवतं.

घरात वजनकाटा नव्हता. म्हणून मासळी तोलायच्या काट्यावर, लोखंडी पाटावर, ती रोज सकाळी चढायची. भोवती बाया. आज किती उतरली गो? मासळी नाय, नवरी तोलते. भाव पडला बघ नवरीचा. अशी थट्टा. हर्षा कमरेवर हात ठेवून फिरून दाखवायची. पुढे पुढे ती फिरेनाशी झाली, नुसती उतरायची, उतरताना कुणाचा तरी खांदा धरायची.

आणि याच बाया आयुष्यभर बोंबील वाळवत आलेल्या! ओला बोंबील हातात घेतला तर नुसतं पाणी असतं हे त्यांना कुणी शिकवायला नको. वाळल्यावर तो हलका होतो तेव्हा त्याच्यातलं काय गेलं आणि काय उरलं, हे त्या डोळे मिटून सांगतील. पाण्यात टाकला की पुन्हा फुगतो, हेही. मी आत्याला म्हटलं, तुझी पोरगी तू वलांडीवर घातलीयस. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. लग्नाच्या घरात असलं बोलतात काय. बाबांनीही मला गप्प केलं. त्या वेळी मी कॉलेजात होते, मंडळात नव्हते, माझ्याजवळ नुसता राग होता आणि रागाला आमच्या घरात कुणी पाट मांडून बसवत नाही.

शेवटच्या आठवड्यात सरांनी पाणीही कमी करायला सांगितलं. चेहरा फोटोत रेखीव येतो म्हणून. हे मी दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

हळदीची संध्याकाळ. दारात मांडव, बेंजो लागलेला, पोरं नाचताहेत. हर्षा पाटावर पिवळ्या साडीत. तिचे दंड त्या साडीच्या काठांतून बाहेर आलेले, दुसऱ्याच कुणाचे तरी असावेत तसे. सकाळपासून तिच्या पोटात शेकचा एक पेला. बाया एकामागून एक हळद लावत होत्या आणि जी ती हनुवटीला हात लावून म्हणत होती, काय बारीक झाली गो, ओळखू येत न्हाय. हे कौतुक होतं. ओळखू न येणं हे कौतुक!

मग तिचे हात थरथरायला लागले. आधी बोटं, मग खांदे. कपाळावर घाम फुटला, हळद ओघळून डोळ्यांत गेली, डोळे वर फिरले. ती मागेपुढे झुलायला लागली आणि तोंडातून एक आवाज यायला लागला, बारीक, नाकातला, तिचा नसलेला. मी पाणी म्हणून ओरडले. माझा आवाज कुणाला ऐकू गेला नाही, कारण त्याच क्षणी एक म्हातारी ओरडली, आई आली, आई आली गो!

बेंजो थांबला नाही. उलट चढला. देवी अंगात आली की ताल तोडत नाहीत. कुणी हर्षाचे केस सोडले, कुणी कपाळभर कुंकू फासलं, कुणी कापूर पेटवला. ज्या बाया मघाशी तिची हनुवटी धरत होत्या त्या तिच्या पायांवर डोकं ठेवू लागल्या. बाबांनी चपला काढून हात जोडले. मी पुढे घुसायला लागले तर कुणीतरी मला मागून दंडाला धरलं आणि कानात म्हणालं, मधी बोलायचं नसतं.

आत्या पदर पसरून गुडघ्यांवर बसली. “आई, काय चुकलं आमचं? काय पायजे तुला?”

हर्षा म्हणाली, “भात.”

मांडव गोंधळला. देवी नारळ मागते, खण मागते, कोंबडा मागते, कुणाचा राहिलेला नवस मागते. आत्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच आलं, आणखी बारीक आवाजात. मग कुणीतरी म्हणालं, आई म्हणते तर आणा, आणि ताट आलं. वाफाळता भात, वर तूप, कडेला नारळ आणि फुलं. नैवेद्यासारखं पुढ्यात ठेवून सगळे हात जोडून मागे सरकले. हर्षानं दोन्ही हातांनी भात खाल्ला. फुलं बाजूला न करता. एक पाकळी तिच्या ओठाला चिकटली होती. भोवती बाया रडत होत्या की आई प्रसन्न झाली, लेकरासारखी जेवली.

आणि ती खरोखर सावरली. पोटात भात गेला, थोड्या वेळानं थरथर थांबली, नजर जागेवर आली, ती इकडेतिकडे बघून म्हणाली, काय झालं? झालं. पुरावा मिळाला. देवीनं भात मागितला, देवी जेवली, देवी गेली. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. फोटो छान आले. सरांनी त्यातला एक आपल्या जिन्यात लावला.

त्या संध्याकाळचं माझ्यापाशी काय राहिलं म्हणाल तर चित्र नाही, आवाज. मी प्लेझंट पार्कच्या कोपऱ्यावर पत्रकं वाटत असते, कुणी पोरगी हातातली शेकची बाटली हलवत समोरून जाते, आणि मला तो नाकातला बारीक आवाज ऐकू येतो. एकदा रेशनच्या रांगेत ऐकू आला. एकदा माझ्याच घरी, आई कुकर उघडत असताना. मी भूतबित मानत नाही. मंडळात मी अंधश्रद्धेवर बोलते. पण काही आवाज आपण मानण्या-न मानण्याची वाट बघत नाहीत.

लग्नानंतर हर्षा जेवायला लागली आणि वजन परत आलं, वर थोडं जास्तच घेऊन आलं. केस गळाले, पाळी कितीतरी महिने आली नाही, सासूनं दोनदा दवाखान्यात नेलं. सासू भली बाई आहे. पण भिंतीवर लग्नाचा फोटो होता आणि घरी येणारा प्रत्येक जण आधी फोटो बघायचा, मग तिला. कशी होती, कशी झाली. जिवंत माणसाची उंची-जाडी मापायला त्याच्याच घरात त्याची एक उपाशी सावली टांगून ठेवायची, याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. हर्षानं पुन्हा पावडर आणली. सरांनी जुनं गिऱ्हाईक म्हणून सवलत दिली.

त्याहून वाईट गोष्ट दुसरीच झाली. नात्यात कुणाचीही हळद असली की हर्षाला बोलावणं यायचं. हिच्या अंगात आई येते. पुढे बसवायचं, आणि उपाशी बसवायचं, कारण भरल्या पोटी देवी येत नाही. ही समजूत कुणी काढली माहीत नाही. पण ती खरीच ठरायची. दिवसभर उपाशी, त्यातून आधीच शेकवर जगणारी बाई, मांडवातली गर्दी, धूर, ताल. देवी यायची. भात मागायची. लोक आता आधीच भात शिजवून ठेवायला लागले होते.

मी राईत तिच्याकडे जायला लागले ते यामुळे. पहिल्यांदा भाषण दिलं. तिनं ऐकलं, चहा दिला, स्वतः बिनसाखरेचा प्याली आणि म्हणाली, तुझी पत्रकं वाचायला बरी वाटतात गो, पण ती मना जेवायला वाढत न्हायीत. मला राग आला. दोन बस बदलून मी घरी आले तेव्हा कळलं की राग तिचा नव्हता, ती खरं बोलली याचा होता.

नंतर भाषणं बंद केली. रविवारी सकाळी जायचे आणि तिला घेऊन खाडीकडे चालायला निघायचे. मिठागरांच्या बांधावरून, एका बाजूला नव्या इमारतींच्या क्रेन, दुसऱ्या बाजूला बगळे. ती पायानं दमदार, मीच धापा टाकायचे आणि ती मला चिडवायची, काय गो कार्यकर्ती, थांबूया काय. घरी आल्यावर आम्ही दोघी जेवायचो. ताटात भात, पण मूठभर कमी. माशाचा एक तुकडा जास्त. भाजी. तळलेलं रोज नाही. बाकी दिवसांत ती एकटी चालायची, घरातलं जड काम करायची आणि तिनं ते काम पहिल्यांदा मोजायला सुरुवात केली, मनातल्या मनात, याला खायला लागतं असं म्हणत. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासून गोळ्या दिल्या. पावडरचा डबा सासूनं धुतला आणि त्यात मसूर भरली.

वजन उतरलं. इतकं हळू की कुणाच्या लक्षात आलं नाही. ब्लाउजची शिवण आत घ्यावी लागली, जिना चढताना थांबायला लागेनासं झालं, पाळी आली. रिक्षाच्या पाठीवर लावण्यासारखं त्यात काहीच नाही. फोटोतल्या मुलीइतकी ती कधीच होणार नाही, आणि त्या मुलीला परत आणायचं नाही हे तिनं कधीतरी एकटीनंच ठरवलं असावं, कारण एका रविवारी भिंतीवर फोटोच्या जागी खिळा होता.

परवा तिच्या धाकट्या भावाची हळद झाली, चौकला, त्याच दारात. आत्याचा निरोप आठवडाभर आधीच गेला होता: उपाशी ये. आता हे माहेरचं कार्य, भावाचं लग्न, आईचा निरोप. मी हर्षाला काही विचारलं नाही. मला भीती वाटत होती. एवढ्या महिन्यांचं चालणं आणि जेवणं एका संध्याकाळसाठी ती बाजूला ठेवील, आणि एकदा ठेवलं की पुन्हा सगळं तिथूनच सुरू होईल, ही ती भीती.

तिला पुढे बसवलं. बेंजो चढला. कापूर लागला. बाया तिच्याकडे बघत होत्या, आधी डोळ्यांच्या कोपऱ्यातून, मग उघड. केस सोडायला एक बाई मागे उभीसुद्धा राहिली. हर्षा पाटावर बसून टाळ्या वाजवत होती, भावाच्या गालाला हळद फासत होती, त्याला हसवत होती. वाजवणारे घामाघूम झाले. त्यांनी ताल आणखी वाढवला, मग एकमेकांकडे बघितलं, मग उतरवला. कुजबुज सुरू झाली. मागून कुणी म्हणालं, आई रुसली. कुणी म्हणालं, हिच्याकडून काही विटाळ झाला. वाजणं थांबलं आणि एवढ्या माणसांत समुद्र ऐकू यायला लागला.

आत्या तिच्याजवळ आली. वाकून, दबक्या आवाजात, पण शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं. “काय गो, काय झालं? आई का न्हाय आली?”

“मी जेवून आले, आये,” हर्षा म्हणाली. “दुपारी पोटभर जेवले.”

तिनं ते भांडून नाही सांगितलं. जेवलीस का विचारल्यावर आपण सांगतो तसं सांगितलं.

मला वाटलं, आता आत्या ओरडेल. ती ओरडली नाही. वाकलेली तशीच राहिली. तिनं हर्षाच्या दंडाला हात लावला, मासळी घेताना बोटानं दाबून बघतात तसा, आणि तो हात तिथेच ठेवला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. वर्षानुवर्षांची एकेक हळद मागे मागे उलगडत ती त्या पहिल्या संध्याकाळपर्यंत पोचताना मला दिसली. सुकलेले ओठ, पिवळी साडी, पायांवर टेकवलेली डोकी, तिचा स्वतःचा पसरलेला पदर.

“मंग तवा,” आत्या म्हणाली, “कोन आलं होतं गो?”

हर्षानं सरकून आईला पाटावर जागा करून दिली.